मदत हवी आहे: जर्बिलची फर तेलकट होऊन उभी राहतेय

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. दोन मंगोलियन जर्बिल (उंदरासारखे छोटे पाळीव प्राणी) आहेत, सख्खे भाऊ, वय दीड वर्षं. एक सोनेरी-तपकिरी, दुसरा सयामी (फिकट अंग, गडद टोकं असा रंग). दहा दिवसांपासून तपकिरीच्या पाठीवरची फर तेल चोपडल्यासारखी चिकटून काट्यांसारखी उभी राहतेय. सयामी मात्र मऊ, फक्त थंडीत त्याची शेपटी गडद झालीय. ते सयामीत होतंच म्हणे.

फर साफ राहावी म्हणून लोळायला चिंचिलाची (अशाच एका पाळीव प्राण्यासाठी मिळणारी) वाळू, पावडर नव्हे, एक दिवसाआड देतोय, अंथरूण बदललं. पाण्याने अंघोळ घातलेली नाही, घालणारही नाही. खाणं-पळणं नेहमीसारखं, खाजवत नाही, टक्कल नाही. खोलीतली आर्द्रता मात्र ६५ टक्के, कपडे तिथेच वाळतात!

आर्द्रतेचंच कारण असेल, तर दोघांपैकी एकाचीच फर का बिघडावी? आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आणल्यावर किती दिवस वाट पाहून डॉक्टरकडे न्यावं?