छोट्या टँकमधले गप्पी मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडतायत, मदत हवी आहे

प्रश्न

मासे पाळायची ही माझी पहिलीच वेळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओळखीतल्या एका कुटुंबाने घर बदलताना त्यांचा २० लिटरचा टँक गप्पी माशांसकट आमच्याकडे दिला. चार नर, दोन माद्या. सोबत एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, थोडी खडी आणि प्लॅस्टिकची झाडं. देताना त्यांनी खडी आणि स्पंज नळाखाली चोळून चोळून धुतला आणि टँक सगळा नव्या पाण्याने भरून दिला. अँटी-क्लोरिन (नळाच्या पाण्यातलं क्लोरिन घालवणारं द्रव) घातलं होतं.

सुरुवातीला मासे मजेत होते. कोणी काचेजवळ गेलं की सगळे पुढे धावत यायचे. आता मात्र सगळेच वर येऊन पाण्याच्या अगदी काठाला तोंड उघडझाप करत असतात. कल्ले भराभर हलतात. नरांच्या रुंद शेपट्या मिटलेल्या दिसतात. एक मादी फिल्टरच्या नळीमागे थांबून असते. तिचं पोट चांगलंच फुगलंय आणि पोटाच्या मागच्या टोकाला मोठा काळा डाग आहे. तिथेही दोन नर तिची पाठ सोडत नाहीत. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, बुरशी नाही. पाणी एकदम नितळ आहे, वासही नाही.

एकाने सांगितलं, सगळं पाणी बदला. दुसऱ्याने निळं औषध घाला म्हटलं. तिसरे म्हणतात आरओचं पाणी वापरा. घरातल्यांचं म्हणणं, गप्पी तर हौदात आणि डबक्यातही जगतात, त्यांना एवढं काय करायचं! पण त्या मादीकडे बघवत नाही हो. तिला वेगळं ठेवू का? आणि आज, आत्ता काय करू?


प्रतिसाद १

ताई, लक्षणांवरून हा रोग वाटत नाही. पाण्यात अमोनिया साठला असणार. पाणी नितळ आहे यावर जाऊ नका, अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

आत्ता एवढं करा. टँकमधलं साधारण एक तृतीयांश पाणी काढा आणि तेवढंच नवं घाला. नव्या पाण्यात अँटी-क्लोरिन आधी बादलीतच मिसळा, आणि हात बुडवून बघा, टँकच्या पाण्याइतकंच कोमट किंवा गार हवं. एअर पंप दिवसरात्र चालू ठेवा. आज आणि उद्या खायला काहीही घालू नका. मोठ्या गप्पींना दोन दिवसांच्या उपासाने काही होत नाही, उलट खाणं घातलं की घाण वाढते.

आता हे का झालं ते. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही तोच तयार होतो. चालत्या टँकमध्ये काही जिवाणू त्याचं नायट्राईट करतात आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राईटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही विषारी, नायट्रेट मात्र थोडं असेल तर मासे सहन करतात. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात, ते मुख्यतः स्पंजला आणि खडीला चिकटून वाढतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन जंतू मारण्यासाठीच असतं, त्यामुळे नळाखाली चोळून धुतलेल्या स्पंजमधले जिवाणू बहुतेक संपले. देणाऱ्यांनी टँक चांगल्या भावनेने चकाचक करून दिला, पण तुमच्याकडे आला तो एका अर्थी कोरा टँक.

जिवाणूंची वसाहत पुन्हा उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीत कोणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला मळका स्पंज थोडा कापून मागा आणि आपल्या फिल्टरजवळ ठेवा. तो ओलाच आणायचा. याने काम खूप लवकर होतं. यापुढे स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच, बादलीत दोनदा हलकासा पिळून. तो तपकिरी दिसणारच, तसाच हवा.

निळं औषध, म्हणजे मिथिलिन ब्लू, टँकमध्ये अजिबात घालू नका. उरलेसुरले चांगले जिवाणूही त्याने मरतील. आरओचं पाणीही नको. गप्पींना क्षार असलेलं, जरा जड पाणी मानवतं, पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) ७ ते ८. आरओत क्षार जवळजवळ राहतच नाहीत.

डबक्यात जगतात हे खरं आहे. पण तिथे पाणी पुष्कळ, शेवाळ आणि वनस्पती पुष्कळ, आणि जिवाणू आधीपासूनच असतात. २० लिटरमध्ये तसा आधार काहीच नसतो. लहान टँक नवख्याला सोपा वाटतो, पण माझ्या मते तोच अवघड, कारण पाणी बिघडायला वेळ लागत नाही.

शक्य असेल तर पाण्याचं टेस्ट किट आणा, थेंबांचं. पट्ट्यांपेक्षा ते जास्त भरवशाचं. अमोनिया, नायट्राईट आणि पीएच मोजून इथे लिहा.


प्रतिसाद २

वरच्या सगळ्याशी सहमत. मी फक्त मादीबद्दल लिहिते, कारण माझ्याकडे गप्पींच्या कितीतरी पिढ्या झाल्या आहेत.

तो काळा डाग आणि फुगलेलं पोट म्हणजे ती गाभण आहे. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पोहणारी पिल्लं देतात, दर तीन-चार आठवड्यांनी. डाग खूप गडद झाला आणि पोट बाजूने बघताना गोल न दिसता चौकोनी दिसायला लागलं, तर वेळ जवळ आली समजा. तिला जाळीच्या पिंजऱ्यात किंवा बरणीत ठेवू नका. आधीच पाणी खराब आहे, त्यात अडचणीच्या जागेने ती आणखी घाबरेल. त्यापेक्षा खऱ्या वनस्पती घाला. हॉर्नवर्ट तरंगती सोडा, जावा मॉसचा एक गुंता खाली ठेवा. लपायला जागा मिळते, आणि वाढणाऱ्या वनस्पती पाण्यातला अमोनियाही शोषतात. प्लॅस्टिकच्या झाडांचा तसा उपयोग नाही.

खरा त्रास नरांचा आहे. एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात, तुमच्याकडे नेमकं उलटं झालंय. निदान दोन नर कोणाला तरी देता आले तर बघा, माशांची संख्या कमी झाल्याने पाण्यावरचा भारही हलका होईल.


प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पाणी बदलल्यावर तासाभरात मासे थोडे खाली उतरले. टेस्ट किट मिळालं: अमोनिया १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग), नायट्राईट ०.२५, पीएच ८. दोन नर ओळखीच्या एका घरी पाठवले, त्यांचा टँक मोठा आणि जुना आहे. स्पंजचा तुकडाही त्यांनीच दिला. हॉर्नवर्ट आणलं. आता पाणी किती बदलू? आणि पिल्लं झाली तर एवढ्याशा टँकमध्ये त्यांचं काय करायचं?


प्रतिसाद १

अमोनिया १ आणि पीएच ८ ही जोडी वाईट. पीएच आणि तापमान जितकं जास्त, तितका अमोनिया अधिक विषारी होतो. आज निम्मं पाणी बदला, म्हणजे अमोनियाही साधारण निम्मा, ०.५ वर येईल. उद्या पुन्हा मोजा, पुन्हा निम्मं बदला. ०.२५ च्या खाली आला की रोज पाव भाग पुरे. नायट्राईट दिसतंय म्हणजे जिवाणू कामाला लागलेत. पुढे अमोनिया उतरेल आणि नायट्राईट चढेल. तेव्हा घाबरू नका, पण पाणी बदलणं थांबवूही नका. नायट्राईट रक्तातली ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी करतं, त्यामुळे मासे पुन्हा वर येताना दिसू शकतात. दोन्ही आकडे आठवडाभर शून्य राहिले की मग आठवड्यातून एकदा पाव भाग बदलत राहा.

खाणं उद्यापासून दिवसातून एकदाच, मिनिटभरात संपेल इतकं. पाण्याचं तापमान २४ ते २७ अंश असावं.


प्रतिसाद २

पिल्लं जन्मतःच पोहतात आणि लगेच खायला लागतात. फ्लेक्स (माशांच्या खाण्याचे पातळ तुकडे) बोटांनी अगदी पीठ करून चिमूटभर घाला. मोठे मासे काही पिल्लं खातील, स्वतःची आईसुद्धा खाते. हॉर्नवर्टमध्ये दडलेली चार-सहा वाचतील आणि एवढ्या टँकला तेवढीच झेपतील. साधारण चार आठवड्यांची झाली की नर ओळखू येतात, त्यांच्या पोटाखालचा पर लांबट आणि टोकदार होत जातो. तेव्हाच नर-मादी वेगळे करा, नाहीतर दोन-तीन महिन्यांत त्यांनाही पिल्लं होतील. एक लक्षात ठेवा, सगळे नर काढून टाकले तरी माद्या पुढचे काही महिने पिल्लं देत राहतात, कारण आधीच्या मिलनातलं वीर्य त्या शरीरात साठवून ठेवतात. ज्यांना पिल्लं नकोच असतील, त्यांनी छोट्या टँकमध्ये फक्त नरच पाळावेत.

आणि जास्तीची पिल्लं तळ्यात, ओढ्यात किंवा नदीत सोडू नका. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले आणि त्रिनिदादचे. जिथे जातात तिथे झपाट्याने वाढतात आणि तिथल्या छोट्या माशांचं खाणं आणि जागा बळकावतात. ज्यांच्याकडे नर पाठवलेत, त्यांनाच आधी विचारून ठेवा.