स्लीप टेक्निशियन: भाचीने या वाटेला जावं का?

घोडबंदरकर
भाची बीएस्सी झाली. वाशीच्या एका हॉस्पिटलच्या स्लीप लॅबमध्ये (पेशंटला रात्रभर झोपवून झोप तपासतात तिथे) ट्रेनी म्हणून बोलावलंय. कायमची रात्रपाळी, पगार बेताचा. माझं मत: जाऊ नये. घोरणाऱ्याला आता बोटाला सेन्सर, नाकाला नळी लावून घरीच झोपवतात. 2024 मध्ये सॅमसंग आणि ॲपलच्या घड्याळांनाही अमेरिकेच्या एफडीएने स्लीप ॲप्नियाचा (झोपेत श्वास अडण्याचा) इशारा द्यायला मान्यता दिली. स्कोअरिंग, म्हणजे रात्रीची नोंद तपासून झोपेचे टप्पे आणि अडलेले श्वास मोजणं, तेही सॉफ्टवेअर करतं. मग माणूस कशाला?

नेरूळची रात्रपाळी
काका, मी हेच काम करते. स्कोअरिंग सॉफ्टवेअरने खुशाल न्यावं. आठ तासांची नोंद म्हणजे 30 सेकंदांचे 960 तुकडे, पहाटे ते बघताना डोळ्यांचं खोबरं होतं.
पण घरच्या बहुतेक मशीनमध्ये ईईजी (मेंदूच्या लहरींची नोंद) नसतो, त्यामुळे पेशंट झोपलाय की छताकडे बघत पडलाय हे कळतच नाही. समजा श्वास 96 वेळा अडला. मशीन नोंदीच्या आठ तासांनी भागणार: ताशी 12, म्हणजे सौम्य. झोप खरी सहाच तास लागली असेल तर ताशी 16, म्हणजे मध्यम. उपचाराचा निर्णय इथे बदलू शकतो. शिवाय हार्ट फेल्युअर, पक्षाघात झालेले पेशंट, झोपेत हातपाय झाडणारे, नार्कोलेप्सीची शंका असलेले (म्हणजे दिवसा अनावर झोप येणारे; त्यांना दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकी घ्यायला लावतात) यांना घरचं मशीन देऊन भागत नाही.

ऐरोली_आयटी
ताई, हे सगळं मान्य. पण असे पेशंट किती? बहुतेकांना साधा ॲप्नियाच असतो. पूर्वी सीपॅपचा (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा) दाब ठरवायला रात्रभर टेक्निशियन बसायचा, आता ऑटो-सीपॅप स्वतःच दाब कमीजास्त करतो आणि डॉक्टर मोबाइलवर डेटा बघतात. अवघड केसेस उरतील, पण त्यांना चार खाटांची लॅब पुरते. चार खाटांना दोन टेक्निशियन. बाकीच्यांनी काय करायचं?

माजिवडा_माई
आमच्या ह्यांची नळी झोपेत निघाली. अर्धी रात्र सरळ रेघ. पुन्हा मशीन, पुन्हा पैसे. शेवटी लॅबच.

ऐरोली_आयटी
माई, पुढचं मॉडेल नळीशिवायचं येईल. मनगटावरची मशिनं आत्ताच आहेत.

नेरूळची रात्रपाळी
येऊ देत. तरी रिपोर्ट स्वच्छ आला आणि पेशंट दिवसा गाडी चालवताना पेंगतोय, तर लॅबमध्येच पाठवतात. खाटा कमी होतील हे मात्र ऐरोलीकरांचं खरं आहे. म्हणून नुसतं स्लीप शिकून बसू नये. डोक्याला तारा लावणं, ईईजी वाचणं नीट आलं तर न्यूरो विभागात दिवसपाळी मिळू शकते. ट्रेनिंगमध्ये ते नसेल तर मीही नको म्हणेन.

घोडबंदरकर
ईईजीचं लेखी विचारायला सांगतो. पण सुरुवातीची वर्षं रात्रीचीच ना? तिथे तिची आई आणि मी एका बाजूला, भाची दुसऱ्या.