मदत हवी आहे: इंजिन बदललं, नवीन ड्राइव्ह शाफ्ट बसत नाहीत

घाटरस्ता
मंडळी, लवकर सांगा. गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकांपर्यंतचे शाफ्ट बनवून घेतले, रोख पैसे मोजले, आणि आता ड्रायव्हर साइडचा शाफ्ट खड्ड्यात चाक गेलं की बाहेर येतो. गिअर ऑइल गळतंय. दुसऱ्या गिअरला जोर दिला की पुढचा सगळा भाग थरथरतो. ऑइल सील नवीन टाकलं, फरक शून्य. लेथवाला म्हणतो शाफ्ट मापात आहे, गॅरेजवाला म्हणतो लेथवाल्याला विचारा. गाडी दारात उभी आहे. काय करू?

पुणेरी_पिस्टन
गाडी कुठली, इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला? काहीच लिहिलं नाहीत.

घाटरस्ता
मारुती ८००. एस्टीमचं १३०० इंजिन, गिअरबॉक्सही एस्टीमचाच. मला वाटलं ड्रायव्हर साइडचा शाफ्ट म्हटल्यावर कळेल.

बारा_इंची
कारखान्यातून ३७ बीएचपी घेऊन निघालेल्या गाडीत एस्टीमचं एमपीएफआय (इंजेक्शनवालं) इंजिन ८५ बीएचपी देतं. ब्रेक तेच ठेवलेत का? शाफ्ट नंतर बघा, आधी ब्रेक. बारा इंची चाकात मोठी डिस्क मावत नाही, म्हणजे चाकंही बदलावी लागतील. मी तेरा इंची घातली आणि…

घाटरस्ता
ब्रेकचं झालंय सगळं. शाफ्टचं सांगा.

सातबारा
आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवलाय का? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचा. उद्या कुठे ठोकली गेली तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार.

उद्यमनगर_टर्नर
दांडा कशातला आहे? साध्या एमएसचा (माइल्ड स्टीलचा) असेल तर आत्ताच काढून टाका, पीळ पडून स्प्लाइनच्या (टोकाच्या दात्यांच्या) गळ्याशी तुटतो. ईएन २४ हे मिश्र पोलाद लागतं. कोल्हापुरात आम्ही स्प्लाइन कापल्यावर इंडक्शन हार्डनिंग (तापवून वरचा थर कडक करणं) करून घेतल्याशिवाय माल देत नाही.

घाटरस्ता
ईएन २४ च आहे. बाहेरचा, चाकाकडचा सीव्ही जॉइंट (वळणारा सांधा) ८०० चा, आतला, गिअरबॉक्सकडचा कप एस्टीमचा, मधला दांडा नवीन.

जुगाड_नगरी
एवढा खर्च कशाला केला दादा? दोन्ही गाड्यांचे जुने शाफ्ट मधून कापायचे, वरून जाड पाइपची स्लीव्ह चढवून वेल्डिंग मारायचं. माझी ८०० अशीच पळतेय, काही होत नाही.

उद्यमनगर_टर्नर
असले सल्ले कृपया देऊ नका. वेल्डिंगने हार्डनिंग तिथल्या तिथे मरतं, आणि स्लीव्ह केसभर जरी तिरकी बसली तरी शाफ्ट रन-आउट देतो, म्हणजे फिरताना डगमगतो. चालत्या गाडीत तुटलेला शाफ्ट ब्रेक पाइप, लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) जे सापडेल ते झोडपतो.

जुगाड_नगरी
अनुभवाने बोलतोय. लेथवाल्यांना धंदा हवा असतो.

ग्रीसचे_हात
भांडण बाजूला ठेवा. घाटरस्ता, "बाहेर येतो" म्हणजे नेमकं काय बाहेर येतं? कप गिअरबॉक्समधून निघतो, की कप जागेवर राहून आतला तीन रोलरवाला ट्रायपॉड कपातून निसटतो? दोन वेगळे आजार आहेत. दुसरं, शाफ्टचं माप घेतलं तेव्हा गाडी जमिनीवर होती की घोडीवर (स्टँडवर)? तिसरं, थरथर ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर थांबते का?

घाटरस्ता
कप गिअरबॉक्समधून सुमारे एक बोटभर सरकतो, तिथूनच ऑइल येतं. माप गॅरेजवाल्याने गाडी घोडीवर असताना घेतलं, चाकं लोंबकळत होती. थरथर पाय काढला की बंद. आणि क्लीनर साइडला (डावीकडे) खड्ड्यात "टक" असा आवाज येतो, ते लिहायचं राहिलं.

ग्रीसचे_हात
आता चित्र जुळलं. पाय काढल्यावर थरथर थांबते म्हणजे टायर-बॅलन्सिंगचा विषय नाही, जोराखाली असलेला आतला जॉइंट ओरडतोय.

चाक वर-खाली होतं तेव्हा लोअर आर्म एका केंद्राभोवती फिरतो, शाफ्ट दुसऱ्या. म्हणून डिफरन्शियल (गिअरबॉक्समधून शाफ्ट निघतात ती जागा) ते हब (चाकाचा मध्य) हे अंतर दर उंचीला बदलतं, आणि तो फरक ट्रायपॉड कपात आत-बाहेर सरकून भरून काढतो. तुमचा गिअरबॉक्स क्लीनर साइडला आहे, त्यामुळे तिकडचा शाफ्ट लहान, ड्रायव्हरकडचा लांब. आर्मपेक्षा आखूड शाफ्टचं अंतर चाक लोंबकळल्यावर वाढतं, लांब शाफ्टचं कमी होतं. घोडीवर घेतलेल्या मापाने म्हणून क्लीनर साइडचा शाफ्ट लांब आणि ड्रायव्हर साइडचा आखूड येतो. तुमची लक्षणं तीच: एकीकडे ट्रायपॉड कपाच्या तळाला आदळून "टक", दुसरीकडे ट्रायपॉड पार तोंडाशी येऊन कपालाच ओढतो आणि सर्क्लिप (कप अडकवून ठेवणारी तारेची कडी) खाच सोडते. सील कितीही बदला, कप हलतोय तोवर ऑइल येणारच.

पुणेरी_पिस्टन
सर्क्लिप बसलीच नसेल तर? मी तर कप ठोकून, "खट्" ऐकून, मग हाताने ओढून बघतो. एवढी भूमिती कशाला?

ग्रीसचे_हात
सर्क्लिप नवीन टाकाच, एकदा ओढून निघालेली वाकलेली असते. पण क्लीनर साइडचा "टक" सर्क्लिपने जाणार नाही. घाटरस्ता, आणखी एक बघा. वरून पाहिलं तर शाफ्ट सरळ आडवा जातो की पुढे-मागे तिरका?

घाटरस्ता
तिरका आहे. कप हबच्या मागे आलाय, अडीच इंच तरी. इंजिन मागे घेतलं कारण रेडिएटर बसत नव्हता.

ग्रीसचे_हात
थरथरीचं मूळ हेच. ट्रायपॉड जॉइंट कोनात फिरताना एका फेऱ्यात तीन धक्के देतो, कोन आणि जोर वाढला की धक्केही वाढतात. दांडा सोन्याचा बनवलात तरी हे जाणार नाही. आधी इंजिनाची जागा, मग शाफ्ट. रेडिएटर पातळ बघा किंवा पंखा पुढच्या बाजूला घ्या, आणि इंजिन पुढे आणा.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. एकीकडे लांब, दुसरीकडे आखूड, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स ड्रायव्हरकडे थोडा सरकवला तर दोन्हीकडचं एकदम सुधारेल. क्रँक पुली (इंजिनाच्या टोकाचं चाक) आणि एप्रन (बाजूचा पत्रा) यांत किती फट आहे?

घाटरस्ता
बोटभर.

उद्यमनगर_टर्नर
मग पाच-सात मिलिमीटरपेक्षा जास्त सरकवू नका, इंजिन झटक्यात हलतं. उरलेलं शाफ्टमध्ये घ्या. पण इंजिन पुढे आणलं की शाफ्टचं अंतर पुन्हा बदलणार, तेव्हा माउंट पक्के होईपर्यंत नवीन दांडा कापायला देऊ नका. माप बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) न चढवता घ्या. स्ट्रटमधली (शॉकॲब्सॉर्बरवरची) स्प्रिंग काढून स्ट्रट परत बसवा आणि जॅकने चाक वर-खाली करत तीन जागी मोजा: पूर्ण लोंबकळत, गाडी रोज उभी राहते त्या उंचीला, आणि बंप स्टॉपला (वरच्या रबरी ठोकळ्याला) टेकलेलं. कपाच्या आत मार्करने खूण करा. तिन्ही जागी तळापासूनही आणि तोंडापासूनही जागा उरली पाहिजे.

जुगाड_नगरी
माझ्या गाडीला असलं काही मोजलं नाही.

बारा_इंची
एस्टीमच्या गिअरबॉक्सला ८०० ची क्लच केबल पुरली का? माझ्याकडे दुसऱ्या गाडीत तेच काम निघालंय.

घाटरस्ता
क्लच केबलसाठी वेगळा धागा काढा, तिथे सांगतो. ग्रीसचे_हात, टर्नर, आभार. आधी माउंट कापतो, मग माप. साताऱ्यात कोणाकडे स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे का? तारेने बांधून स्प्रिंग काढायची नाहीये.

कृष्णाकाठ
कराडला माझ्याकडे आहे. व्यनि (खासगी निरोप) करतो.