स्टँडर्ड ठरवायला प्रत्यक्ष जायलाच हवं का?

फोंडेकर:
ऑफिसात एकजण म्हणाला, आयईटीएफच्या मीटिंगला प्रत्यक्ष गेल्याशिवाय तिथे कोणी विचारत नाही. मला अजिबात पटलं नाही. इंटरनेटचे प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे नियम, तिथे ठरतात, वर्षाला 3 मीटिंगा, पण खोलीत काही ठरलं तरी ते ईमेल यादीवर पक्कं करावंच लागतं. मार्च 2020 ची व्हँकूव्हरची मीटिंग कोविडमुळे ऑनलाइन झाली, पुढची दोन वर्षं तसंच चाललं, इंटरनेटवर डेटा पाठवायच्या क्विक या प्रोटोकॉलचा आरएफसी 9000 (आरएफसी म्हणजे तिथला नंबर देऊन प्रसिद्ध केलेला दस्तऐवज) मे 2021 ला त्याच काळात आला की! फोंड्यात बसून ड्राफ्ट वाचून चूक दाखवता येते, मग व्हिसासाठी मुंबईच्या खेपा नि तिकिटाचे लाख कशाला?

म्हापशेकर:
फोंडेकरबाब, उदाहरण चुकीचं घेतलंत. क्विकचा गट 2016 चा. कोविडच्या आधीची तीनेक वर्षं ती माणसं भेटत होती, एका खोलीत बसून आपापले कोड एकमेकांशी जोडून तपासत होती, 2021 ला पीक कापलं फक्त. अनोळखी माणसाने ईमेलवर हरकत घेतली की भांडण वाटतं, तीच गोष्ट जेवताना कागदावर आकृती काढून पाच मिनिटांत सुटते, हे मी स्वतः अनुभवलंय.

फोंडेकर:
हेच तर माझं दुखणं आहे! जेवणाच्या टेबलावर सुटलं तर बाहेरच्याला कसं कळणार का सुटलं? यादीवर भांडण झालं तरी कारण लिहून राहतं, दहा वर्षांनी कोणीही वाचेल.

मडगावची:
मी ऑनलाइनवालीच, पण ते सोपं आहे असं म्हणू नका. जुलै 2024 ला व्हँकूव्हरला सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दहा. आठवडाभर रात्र जागवायची, दिवसा नोकरी, त्यात पावसात वीज गेली, राऊटर इन्व्हर्टरवर, बोलायचा नंबर आला नि आवाजच तुटला. एक मात्र खरंच सुधारलं, नेतृत्व निवडणाऱ्या समितीसाठी आधी 5 पैकी 3 मीटिंगांना प्रत्यक्ष हजेरी लागायची, आता 2023 च्या आरएफसी 9389 नुसार ऑनलाइन हजेरीही धरतात.

म्हापशेकर:
ताई, रात्रीचं मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी एकदा जाऊन या, मग घरून काम करा, नाव वाचलं की समोरच्याला चेहरा आठवतो.

फोंडेकर:
आणि ज्याला ते एकदाही परवडत नाही त्याचं काय बाब?