मॅडमच्या वह्यांचं काय करू?

प्रश्न: माझ्या पीएचडीच्या गाइड मॅडम गेल्या आठवड्यात गेल्या. १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉबद्दल, म्हणजे इंग्रजांनी लावलेल्या लष्करी कायद्याबद्दल, तिथल्या गिरणगावातल्या म्हाताऱ्या बायकांनी सांगितलेलं त्यांनी वह्यांत टिपलंय, त्या माझ्याकडे आहेत. माझ्या प्रकरणावर हिरव्या शाईत लिहायच्या, ‘हे कुणी सांगितलं?’ आणि मग कडक भाकरी, शेंगाचटणी पुढ्यात ठेवायच्या. एका पानावर अजून त्या चटणीचं तेल आहे. वह्या कुठं द्याव्यात?

प्रतिसाद: आधी सगळ्या स्कॅन कर. तेलाचा डाग तसाच राहू दे गं.

प्रतिसाद: दर १२ जानेवारीला आम्हाला सोलापूरच्या त्याच लढ्यातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्यायच्या. १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांची नावं घेताना आवाज कापायचा त्यांचा. यंदा जायचं का?

प्रश्नकर्ती: येते. हिरव्या शाईचं प्रकरणही आणते.