बाराबोर बंदुकीची नळी साफ करायला काय घेऊ?

आंबेवाला: घरात शेतसंरक्षण परवान्यावरची जुनी दुनळी आहे, वडिलांची, आता माझ्या नावावर झाली. नळीत घालायचा गज आहे पण ब्रश पार झडलाय, आणि नळीतून उजेडाकडे बघितलं की करडे पट्टे दिसतात. गंज असेल का? साधा तारेचा ब्रश चालेल?

रानमांजर: आधी उघडून काडतुसांची दोन्ही घरं रिकामी आहेत ना बघा. करडे पट्टे बहुतेक शिशाचे, छर्रे घासून बसतं ते, गंज तांबूस दिसतो. ब्रश ब्राँझचा घ्या, १२ बोरचाच, लोखंडी तारेचा अजिबात नको, ओरखडे पडतील. काडतुसाचं घर नळीपेक्षा जरा रुंद असतं म्हणून तिथला जाड ब्रश वेगळा मिळाला तर भारीच. सॉल्व्हंट (मळ सुटायचं द्रव) लावून थोडा वेळ सोडा, मग मागून तोंडाकडे घासा.

दादूस: चिंध्या जुन्या बनियनच्या वापरा हो, विकतचे पॅच कशाला! शेवटी तेलाचा अगदी पातळ हात. आणि पावसाळ्यात कातडी कव्हरात ठेवू नका, ओल धरतं.

आंबेवाला: गज लाकडी आहे, चालेल ना?

रानमांजर: पळेल! फक्त चिरलेला नको, आत मोडला तर वैताग.