मदत हवी आहे: मानद आजीव सदस्यत्वाचा ठराव कसा लिहायचा? (शुक्रवारच्या आत)

बेसलाइन (सोमवार, रात्री 9:40)
नमस्कार. आमच्या बास्केटबॉल क्लबचा वार्षिक समारंभ रविवारी आहे. सरांना मानद आजीव सदस्यत्व द्यायचं ठरलंय. खजिनदार म्हणतात, देता येत नाही. मानपत्र छापायला टाकलंय, शाल आणलीय. कोणाकडे ठरावाचा तयार मसुदा असेल तर इथेच टाका. लांबलचक चर्चा नको, फक्त मसुदा हवा आहे.

पक्का_पुणेकर (सोमवार, रात्री 9:52)
कोण सर? कसला क्लब? देता येत नाही म्हणजे का येत नाही? तुम्हाला सगळं माहीत आहे म्हणून आम्हालाही असेल, असं नसतं.

ललितामावशी (सोमवार, रात्री 10:05)
शाल-श्रीफळ देऊ नका हो. माझ्या यजमानांना नऊ शाली मिळाल्या. दोन मोलकरणीला दिल्या, एकीवर मांजर झोपतं, बाकीच्या कपाटात. रोख पाकीट द्या, तेही नवीन नोटांचं.

बेसलाइन (सोमवार, रात्री 10:20)
@पक्का_पुणेकर, सर म्हणजे आमचे कोच. 1996 पासून मुलांना फुकट शिकवतात. तेव्हा मातीचं मैदान होतं, पहाटे साडेपाचला येऊन स्वतः मैदानावर चुन्याची फक्की मारायचे. रिंगला नेट नसायचं तर घरून सुतळी विणून आणायचे. आता सिमेंटचं कोर्ट झालंय ते नगरसेवकांच्या निधीतून, पण त्याच्या अर्जांवर सह्या गोळा करत फिरले ते सरच. मसुदा द्या.

नागपाडा_सात (सोमवार, रात्री 11:15)
अशा माणसाला तर डोक्यावर घेऊन नाचायला हवं. आमच्या मुंबईतल्या नागपाड्यात पोरं चप्पल काढून खेळायची आणि त्याच गल्ल्यांतून अब्बास मुंतसिर भारताचे कप्तान झाले, 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पण त्यांच्या आधी ज्यांनी पोरांना पिव्होट (एक पाय रोवून वळणं) शिकवला त्यांची नावं कुठल्या पाटीवर आहेत? कुठेच नाहीत. तुमच्या खजिनदारांना माझ्याकडे पाठवा.

टेक्सासकर (मंगळवार, सकाळी 6:30)
जर्सी निवृत्त करा ना! इकडे हीच पद्धत. सरांचा नंबर कोणाला द्यायचा नाही, बॅनर करून टांगायचा. 2003 मध्ये मायामी हीट संघाने मायकल जॉर्डनचा 23 निवृत्त केला, तो त्यांच्याकडून एक मॅचही खेळला नव्हता. दिग्गज खेळाडू बिल रसेल गेल्यावर 2022 मध्ये तर अख्ख्या एनबीएने (इकडच्या व्यावसायिक लीगने) 6 निवृत्त केला.

नागपाडा_सात (मंगळवार, सकाळी 8:02)
@टेक्सासकर, साहेब, तिकडे 0 ते 99 नंबर मोकळे असतात. आमच्या काळी फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात 4 ते 15 एवढेच होते, 2014 ला सगळे खुले झाले. 1, 2, 3 का नाहीत, तर पंच तेवढी बोटं गुणांसाठी दाखवतो. बारा नंबर, बारा पोरं. एक नंबर निवृत्त केला की एक पोरगा बाकावर नाही, घरी. आणि क्लबच्या जर्सीचे संच अजून जुनेच असतील, पैज लावतो.

बेसलाइन (मंगळवार, सकाळी 8:10)
जुनेच आहेत. पण प्रश्न जर्सीचा नाहीये.

ठराव_मंजूर (मंगळवार, सकाळी 9:45)
मी बावीस वर्षं संस्थांचे हिशेब आणि कागद बघतो. चार प्रश्न. 1) क्लब नोंदणीकृत आहे का? 2) घटनेत मानद सभासद हा वर्ग आहे का? 3) सर सध्या सभासद आहेत का? 4) खजिनदार नेमकं काय म्हणाले, त्यांच्याच शब्दांत. याशिवाय मसुदा म्हणजे डोळे बांधून फ्री थ्रो.

बेसलाइन (मंगळवार, दुपारी 1:30)
नोंदणी आहे, 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि विश्वस्त कायदा, दोन्ही. घटनेत सभासदांचे तीन वर्ग: साधारण, आजीव, मानद. मानदबद्दल एकच ओळ, "कार्यकारिणीच्या शिफारशीने व सर्वसाधारण सभेच्या मान्यतेने". सर साधारण सभासद होते, पण अकरा वर्षं वर्गणी भरलेली नाही. कोणी मागितलीच नाही. खजिनदारांचे शब्द: "ज्याच्याकडे थकबाकी आहे तो सभासदच नाही, आणि जो सभासद नाही त्याला आजीव सभासद कसं करता?"

पक्का_पुणेकर (मंगळवार, दुपारी 1:41)
हे काल लिहिलं असतं तर चर्चा जर्सीपर्यंत जायची वेळ आली नसती. आणि खजिनदार बरोबर बोलतायत.

नागपाडा_सात (मंगळवार, दुपारी 1:50)
काय बरोबर? अकरा वर्षं फुकट शिकवलं त्याचं मानधन क्लबने दिलं का? ते वजा करा, मग क्लबच देणं लागेल.

पक्का_पुणेकर (मंगळवार, दुपारी 1:58)
भावना वेगळी, खातेवही वेगळी.

ठराव_मंजूर (मंगळवार, दुपारी 3:20)
दोघेही थांबा. खजिनदारांचं अर्धं बरोबर आहे. 1860 च्या कायद्याचं कलम 15: ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि त्याला सभासद म्हणून मोजता येत नाही. म्हणजे सर आज सभासद नाहीत, मान्य. पण मानद सभासद हा वर्ग असतोच अशा माणसासाठी, जो वर्गणी भरून आलेला नाही तर संस्थेने आपणहून बोलावलेला आहे. आधी सभासद असण्याची अट तुमच्या घटनेत नसेल तर अडचण नाही.

खरी गडबड 'आजीव' या शब्दात आहे. आजीव सभासद म्हणजे एकरकमी वर्गणी भरलेला, मताचा हक्क असलेला. तुम्ही 'मानद' आणि 'आजीव' जोडून घटनेत नसलेला चौथा वर्ग तयार करताय. नुसतं 'मानद सभासद' लिहा.

आता पाचवा प्रश्न. कार्यकारिणीची निवडणूक कधी आहे?

बेसलाइन (मंगळवार, दुपारी 3:55)
पुढच्या महिन्यात. त्याचा काय संबंध?

ठराव_मंजूर (मंगळवार, दुपारी 4:01)
आणि मानद फक्त सरांनाच देताय की आणखी कोणाला?

बेसलाइन (मंगळवार, संध्याकाळी 6:48)
एकूण सात जण आहेत. सर धरून.

पक्का_पुणेकर (मंगळवार, संध्याकाळी 6:49)
आत्ता समजलं!!

वैदर्भीय (मंगळवार, संध्याकाळी 7:10)
काय बाप्पा, सात मतं एका शालीत. आमच्याकडे एका मंडळात असंच झालं होतं, बारा मानद झाले आणि बाराही जण मतदानाला रांगेत. अध्यक्ष चार मतांनी पडले. जुने अन् नवे अध्यक्ष अजून बोलत नाहीत एकमेकांशी, अन् दोघांचे दरवाजे समोरासमोर.

बेसलाइन (मंगळवार, संध्याकाळी 7:25)
मतांसाठी नाहीये! बाकीचे सहा जण देणगीदार आहेत. दोघांनी फ्लडलाइट दिले, एकाने बोर्ड. त्यांना बोलावलं नाही तर पुढच्या वर्षी स्पर्धेला पैसे कुठून आणू? सरांचं नाव तर मीच सुचवलं, यादीत पहिलं.

विक्रांतची_आई (मंगळवार, रात्री 8:00)
विषयांतराबद्दल क्षमस्व. मुलगा अकरा वर्षांचा आहे, बास्केटबॉलने उंची वाढते का? आणि कितव्या नंबरचा बॉल घ्यावा?

नागपाडा_सात (मंगळवार, रात्री 8:12)
ताई, उंची आईबापाकडून येते, बॉल दुकानातून. बारा वर्षांखाली 5 नंबर. मुली आणि बायका 6, पुरुष 7. सगळ्यांना 7 देतात आणि मग पोराचं शूटिंग खांद्यातून होतं, जन्मभर सुधारत नाही.

लेखापाल_नव्हे (मंगळवार, रात्री 8:30)
देणगीदारांना 80जी ची (प्राप्तिकर सवलतीची) पावती दिलीत का? दिली असेल तर…

ठराव_मंजूर (मंगळवार, रात्री 9:05)
80जी कोणी विचारलेलं नाही.

@बेसलाइन, देणगीदारांना रविवारी सन्मानचिन्ह द्या, मानद सभासदत्व नको. लाइट दिले त्याबद्दल आभार मानले जातात, सभासदत्व दिलं जात नाही. सात नावं एका ठरावात आली की विरोधक सातही अडवतील आणि त्यात सर फुकट जातील. सरांचा ठराव एकट्याचा ठेवा. हा मसुदा घ्या:

"ठराव क्र. __ : संस्थेच्या घटनेतील कलम __ नुसार व कार्यकारिणीच्या शिफारशीवरून, श्री. ______ यांनी 1996 पासून संस्थेतील खेळाडूंना केलेल्या विनामूल्य मार्गदर्शनाची नोंद घेऊन, ही सभा त्यांना संस्थेचे मानद सभासदत्व तहहयात देत आहे. या सभासदत्वास वर्गणी लागू नाही. यायोगे मतदानाचा अथवा निवडणूक लढवण्याचा अधिकार प्राप्त होणार नाही. सूचक: __ अनुमोदक: __ ठराव सर्वानुमते / बहुमताने मंजूर."

अकरा वर्षांच्या थकबाकीचं काय करायचं तो वेगळा ठराव. या ठरावात ती मिसळू नका, नाहीतर मान दिला की वर्गणी माफ केली हेच कळणार नाही. आणि मान्यता सर्वसाधारण सभेची लागते. रविवारचा समारंभ म्हणजे सभा नव्हे. सभेची नोटीस काढलीय का?

बेसलाइन (मंगळवार, रात्री 9:40)
सभा पुढच्या महिन्यात, निवडणुकीच्याच दिवशी.

पक्का_पुणेकर (मंगळवार, रात्री 9:44)
म्हणजे रविवारी तुम्हाला मानद सभासद करताच येणार नाही कोणाला. पहिल्या दिवशी विचारलं असतं तर…

ठराव_मंजूर (मंगळवार, रात्री 10:10)
सभासद नाही, पण मान देता येईल की. रविवारी कार्यकारिणीची शिफारस जाहीर करा, मानपत्र द्या. मानपत्राला सभा लागत नाही. सभासदत्व सभेत, पण विषयपत्रिकेत निवडणुकीच्या आधी घ्या, म्हणजे भांडणानंतर उरलेल्या आठ माणसांत मंजूर व्हायला नको. मताचा अधिकार नाही हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा. शंका तिथेच मरते.

टेक्सासकर (बुधवार, सकाळी 6:15)
शासनाकडे पण हेच घोळ असतात. खेळाडूंसाठीचा ध्यानचंद जीवनगौरव पुरस्कार 2002 ला सुरू झाला, पहिल्याच वर्षी बास्केटबॉलसाठी अपर्णा घोष यांना मिळाला. आता 2024 पासून त्याचं अर्जुन जीवनगौरव केलं, आपल्या पॅरा-जलतरणपटू मुरलीकांत पेटकरांना मिळाला तो. नावं बदलत राहतात. तरी जर्सीचा विचार करा.

ललितामावशी (बुधवार, सकाळी 9:00)
सरांना कोणी विचारलं का, त्यांना काय हवंय ते?

बेसलाइन (बुधवार, रात्री 9:20)
आज विचारलं. कोर्टवरच होते. म्हणाले, "सभासद करा नाहीतर नका करू, 5 नंबरचे सहा बॉल घ्या. आणि दक्षिणेकडच्या रिंगचा बोल्ट सैल झालाय, तो रविवारच्या आधी." थकबाकीचं सांगितल्यावर हसले, खिशातून पाचशेची नोट काढून खजिनदारांच्या हातात दिली, म्हणाले पावती द्या. खजिनदारांनी घेतली. पावतीही दिली.

नागपाडा_सात (बुधवार, रात्री 9:26)
घेतली??

पक्का_पुणेकर (बुधवार, रात्री 9:28)
पावती दिली ना. मग झालं.

बेसलाइन (गुरुवार, दुपारी 12:05)
@ठराव_मंजूर, आभारी आहे. मसुदा कार्यकारिणीत मंजूर झाला, सहा देणगीदारांना सन्मानचिन्हं ठरली. एकाचा फोन बंद आहे, बहुतेक रागावलाय. बोल्ट आवळला. छापखान्यात फोन करून सांगितलं होतं की मानपत्रावर आता "शिफारस" शब्द घाला, "आजीव" काढा आणि नुसतं "मानद सभासद" ठेवा. आत्ता प्रूफ आलंय. त्याने "मानधन सभासद" केलंय. खजिनदारांनी बघायच्या आत बदलून आणतो.